मायणीची टिबुकली

जानेवारीतल्या एका रविवारी मायणीच्या तलावावर मला काळ्या मानेची टिबुकली दिसली. निदान ई-बर्डवर मी तसं लिहिलं. हा पाहुणा आपल्याकडे क्वचितच येतो, म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो.

विट्याचे मामा शेजारी बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं पाणी त्यांना नुसतं पांढरं दिसतं. मी वर्णन केलं तर म्हणाले, "आरं, साधी टिबुकली हाय ती. आपली रोजची." यांना दिसतं तरी काय, असं माझ्या मनात आलं.

मुळात हा पक्षी दिसत राहतच नाही. वीतभराहून जरासा मोठा, शेपूट जवळजवळ नाहीच, मागे फुगलेल्या पिसांचा गोळा. दुर्बीण जुळवेपर्यंत बुडतो आणि वर येतो तो भलतीकडेच. विणीच्या दिवसांत साध्या टिबुकलीचे गाल आणि गळा विटकरी असतात, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका. तेव्हा चूक होत नाही. हिवाळ्यात ती मळकट तपकिरी होते. आणि काळ्या मानेच्या टिबुकलीची मानही तेव्हा काळी राहत नाही. तिचं कपाळ उभं, चोच किंचित वर वळलेली, टोपीचा काळा रंग डोळ्याखाली गालावर उतरलेला, डोळा लालभडक. मला डोळा लाल वाटला होता. बाकीचं मी पाहिलंच नव्हतं. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने लॉगची एकच ओळ वाचून बग सापडल्याचं सांगितलं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं.

नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाने फोटो मागितला. माझ्याकडे तीन होते, त्यातले दोन नुसत्या तरंगांचे. तिसरा मोठा करून पाहिला: चोच सरळ, गाल फिकट बदामी. तरी मी 'फोटो स्पष्ट नाही' असं कळवलं. खोटंच.

पुढच्या शनिवारी मामांना गाडीवर मागे बसवून पुन्हा गेलो. थोड्या वेळाने लव्हाळ्याकडून खिंकाळल्यासारखा थरथरता आवाज आला.

"मागल्या बारीला बी हीच वरडत हुती," मामा म्हणाले. "तुझ्या कानात त्ये घातलेलं हुतं."

मी तिथंच फोन काढून नोंद बदलली.

"काय लिवलंस?"

"साधी टिबुकली."

"किती हायत्या?"

मी मोजायला लागलो. पाचपर्यंत आलो, तेवढ्यात दोन बुडाल्या आणि पलीकडे तीन वर आल्या.

"थांबा मामा," म्हटलं, "परत मोजतो."