बारा फुटांचं नगर–कोपरगाव

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण सांगतो. आमच्या मागच्या खोलीत सध्या रेल्वेचं काम चालू आहे! बारा फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवूडवर दौंड–मनमाड मार्गाचा एक तुकडा मी उभा करतोय, नगर ते कोपरगाव. मूळ मार्ग 1878 सालचा. माझ्या फळीवरचा काळ मात्र 1977 ते 1984 एवढाच. म्हणून स्टेशनच्या पाटीवर 'अहमदनगर' लिहिलंय. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते 2024 मध्ये.

या वेडाची लागण पुण्यातली. कर्वे रोडवर भाऊसाहेब जोशी यांनी 1998 साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. नातीला घेऊन तिथे गेलो होतो. दिवे मालवले, छोट्या शहरात इवले दिवे लागले आणि अंधारातून गाड्या धावू लागल्या. नात गाड्या बघत होती. मी मात्र फलाटांकडे बघत होतो. तिथेच मनात आलं, आपलं कोपरगाव असं करता येईल का?

गणित काही माझा विषय नव्हे, पण भागाकार येतो. बाजारात मिळणाऱ्या गाड्या बहुतेक 1:87 या प्रमाणात असतात. नगर–कोपरगाव सुमारे 110 किलोमीटर. भागिले 87, म्हणजे जवळजवळ सव्वा किलोमीटर! एवढं घर आमच्याकडे नाही. तेव्हा विळद, वांबोरी, राहुरी सगळी गाळली आणि मध्ये एकच स्टेशन ठेवलं, बेलापूर. (बाहेरच्यांसाठी: बेलापूर स्टेशन आहे श्रीरामपुरात. मूळ बेलापूर गाव तिथून काही मैलांवर, प्रवरेच्या काठी.)

दुसरी अडचण रुळांची. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. 87 ने भागलं की सव्वाएकोणीस मिलिमीटर येते. पण विकत मिळतात ते रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या गेजवर बेतलेले. म्हणजे माझा मार्ग पावणेतीन मिलिमीटरने अरुंद आहे. जाणकारांनी डोळेझाक करावी. बाकी सामान घरचंच. चहाचा चोथा वाळवून माती केली, रंगवलेल्या भुशाचं शेत केलं, चाळलेली वाळू फेव्हिकॉलने चिकटवून खडी केली. चोथा कुठे जातो याचा सौ.ला आठवडाभर पत्ता नव्हता.

येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "रूळ गोल का नाही टाकले? गाडी फिरत राहिली असती की." सोपं झालं असतं हे खरं. पण गोल रुळावर गाडी घाण्याच्या बैलासारखी फिरते. ती कुठून निघत नाही आणि कुठे पोचतही नाही. मला पोचणारी गाडी हवी होती. मग टोकाला इंजिन सोडवायचं, बाजूच्या लाइनीने मागे आणायचं आणि दुसऱ्या बाजूला जोडायचं. दौंडला पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन असंच फिरवत. आता तिथे कॉर्ड लाइन झाल्याने काही गाड्यांना ते करावं लागत नाही.

आता 1977 का ते सांगतो. त्या वर्षी आमचं लग्न झालं. सौ. कोपरगावच्या एका शाळेत, मी नगरच्या. बदली मिळायला सात वर्षं लागली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी पॅसेंजर गाठायचो आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचो. मार्ग तेव्हा एकेरी होता. समोरून गाडी येणार असली की आमची गाडी क्रॉसिंगला उभी. पुढच्या सेक्शनचं टोकन ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय हलायचं नाही. चाळीस तासांच्या सुट्टीतला अर्धा-पाऊण तास असा बेलापूरला गेला की जीव कासावीस व्हायचा.

फळीवरचं अंतर गाडी वीस सेकंदांत कापते. दिसायला छान दिसतं, पण सौ. म्हणाली, "हे आपलं नगर–कोपरगाव नव्हे. इतक्या पटकन तुम्ही कधी आलात?" तिचं म्हणणं पटलं. बेलापूरच्या एका लाइनीचा वीजपुरवठा बटणाने तोडता येतो, त्यामुळे एक गाडी उभी ठेवून दुसरी चालवता येते. तेव्हा नियम केला, कोपरगावकडे जाणारी गाडी बेलापूरला घड्याळ लावून दहा मिनिटं थांबणार. त्या दहा मिनिटांत काहीही घडत नाही. नातीने विचारलं, "आजोबा, आता काय बघायचं?" म्हटलं, "वाट."

वायरिंगला मदत करायला मुलगा पुण्याहून येतो. त्याचा जन्म 1979 चा. पहिली पाच वर्षं तो आईजवळ कोपरगावला वाढला. एका रविवारी सोल्डरिंग करता करता, मान वर न करता म्हणाला, "बाबा, तुम्ही सारखी येणारी गाडीच चालवता. मला आठवते ती जाणारी. दर रविवारी तुम्हाला घेऊन जायची."

मी काही बोललो नाही. रूळ तेच, फलाट तोच. माझ्या लेखी ती घरी नेणारी गाडी होती आणि तीन वर्षांच्या पोराच्या लेखी बाप पळवणारी. एवढी वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीच्या आठवणी सांगत होतो, असं मी धरून चाललो होतो.

आता दोन्ही गाड्या चालतात. बेलापूरला त्यांचं क्रॉसिंग होतं. नगरकडची गाडी मुलगा चालवतो, कोपरगावकडची मी.

माणसं बसवायची राहिली होती, तीही झाली. माझी उंची साडेपाच फूट, म्हणजे बरोबर ब्रॉडगेजच्या रुंदीइतकी. प्रमाणात मी एकोणीस मिलिमीटरचा! सौ. अठराची, तिला बाकावर बसवलंय. तिच्या शेजारचा अकरा मिलिमीटरचा पोरगा मुलाने स्वतः घडवला आणि स्वतःच चिकटवला. त्याचं तोंड नगरकडे आहे. गाडी आत्ता येतेय की नुकतीच गेलीय, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. मी विचारलंही नाही.

दिवाळीत सगळ्यांनी बघायला या. फक्त जरा सवड काढून या, बेलापूरला दहा मिनिटं लागतात.