दोन वायरी आणि एक वऱ्हाड

कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा रोजचा प्रवास करणाऱ्याला 'अजून दोन लाइनी टाका हो' हे वाक्य तोंडपाठ असतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन 2019 साली एमयूटीपी-3ए मध्ये मंजूर झाली, तेव्हापासून डब्यात या विषयावर चर्चासत्रं रंगत आली आहेत. त्यातला एक गैरसमज मला थेट माझ्या धंद्यातला वाटतो. लाइनी दुप्पट झाल्या की आपण निम्म्या वेळात घरी, हा तो गैरसमज. लाइनी वाढल्या की गाड्या वाढतात, सिग्नलला खोळंबा कमी होतो. पण तुमची लोकल काही दुप्पट वेगाने पळायला लागत नाही.

नेटवर्कमध्ये हेच 'बाँडिंग'च्या बाबतीत होतं. म्हणजे सर्व्हरची दोन पोर्टं एकत्र बांधून एकच असल्यासारखी वापरायची. उल्हासनगरातल्या एका छोट्या ऑफिसने हे केलं होतं. 1 गिगाबिटच्या दोन वायरी, समोर स्विचवर एलएसीपी, सगळं व्यवस्थित. रात्रीचा बॅकअप 3 टीबीचा. एका गिगाबिटवरून सेकंदाला जेमतेम 118 एमबी जातात, म्हणजे सात तास. मालकांचा हिशोब सरळ होता, दोन वायरी म्हणजे साडेतीन तास. प्रत्यक्षात लागले सातच! सकाळी लोक कामाला बसायचे तरी बॅकअप चालूच. मला बोलावलं तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "डबल वायर, डबल खर्चा, और स्पीड सिंगल?"

उत्तर सोपं आहे, पण पटकन पटत नाही. समजा, दादरहून बदलापूरला लग्नाचं वऱ्हाड निघालंय. एक जण फास्टमध्ये, पुढचा स्लोमध्ये असं बसवलं तर काय होईल? बदलापूरला काका फलाटावर डोकी मोजत उभे. तिसरा, चौथा, पाचवा उतरला, पण दुसऱ्याचा पत्ता नाही... हरवला! लगेच घरी फोन, दुसरा माणूस पाठवा. टीसीपी अगदी असंच वागतो. मागची तीन पॅकेटं पोचली आणि आधीचं आलं नाही, की ते हरवलं असं धरून तो पुन्हा मागवतो, आणि पाठवणारा वेग कमी करतो. बाँडिंगमध्ये 'बॅलन्स-आरआर' नावाचा मोड आहे, तो पॅकेटं अशीच आळीपाळीने वाटतो. म्हणून तो जपून वापरायचा.

2000 साली आलेल्या 802.3एडी या प्रमाणाचा आग्रह असा, की एका संभाषणाचा क्रम मोडू नये. म्हणजे वऱ्हाड एकाच गाडीत. मग कुठलं वऱ्हाड कुठल्या गाडीत? लिनक्स इथे गर्दी बघत नाही, पत्ता बघतो. नेहमीची 'लेयर टू' पॉलिसी दोन्ही बाजूंच्या मॅक ॲड्रेसचे शेवटचे बाइट आणि पॅकेटचा प्रकार यांचा एक्सओआर करते, त्याला वायरींच्या संख्येने भागते, आणि बाकी उरेल ती वायर. वायरी दोन असतील तर सगळा मामला सम-विषमचा! समोरचं मशीन एकच, म्हणजे उत्तर कायम एकच. दुसरी वायर रात्रभर मोकळी. सगळा ट्रॅफिक एकाच राऊटरमार्गे बाहेर जात असेल तरीही हेच होणार.

मग बॅकअपचे आठ समांतर तुकडे केले. पण नुसतं तेवढ्याने भागत नाही, कारण आठही तुकड्यांचा मॅक ॲड्रेस तोच. म्हणून पॉलिसी 'लेयर थ्री प्लस फोर' केली. ती आयपी ॲड्रेस आणि पोर्ट नंबर बघते, आणि पोर्ट नंबर प्रत्येक तुकड्याचा वेगळा. (पॅकेट फ्रॅगमेंट झालं तर पुढच्या तुकड्यांत पोर्ट नंबर नसतो, म्हणून ही पॉलिसी प्रमाणात काटेकोर बसत नाही. इथे तो प्रश्न नव्हता.) बॅकअप मशीनला 10 गिगाबिटचं पोर्ट होतं, त्यामुळे पुढे अडायचं कारण नव्हतं. आठांपैकी पाच एका वायरीवर गेले, तीन दुसरीवर. त्यामुळे साडेतीन नाही, पण साडेचार तासांच्या आत काम झालं. ऑफिस उघडायच्या आधी बॅकअप पूर्ण. एकच मोठी फाइल एकाच कनेक्शनवरून जलद हवी असेल, तर मात्र सर्व्हरलाही 10 गिगाबिटचं कार्ड घ्या. त्याला पर्याय नाही.

आणि हो, येणारा ट्रॅफिक कुठल्या वायरीवरून येईल ते स्विच ठरवतो. तिथे आपली पॉलिसी चालत नाही.

मग दुसऱ्या वायरीचा खरा उपयोग काय? एक तुटली तर काम थांबत नाही, हा. पण त्यालाही मर्यादा आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तिथे शेजारी अजून दोन लाइनी असत्या तरी त्याही त्याच पाण्यात गेल्या असत्या. दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये खोचलेल्या असतील तर गत तीच. त्या ऑफिसात अजून स्विच एकच आहे. मालकांना सांगितलंय, बघू कधी मनावर घेतात. असो.