दगडाआडची डबी

आज इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावरच्या हॅमलडाउन डोंगरधारेवर चाललो. जांभळं हेदर फुललं होतं, खाली ग्रिम्सपाउंडचं कांस्ययुगीन दगडी रिंगण दिसत होतं. लपवलेली डबी शोधायच्या खेळातल्या कोड्यात सांगितलेल्या दिशेनं पावलं मोजत गेलो आणि खडकाच्या कपारीत डबी सापडली. तिच्यातला रबरी शिक्का माझ्या वहीत उमटवला, माझा तिच्यातल्या वहीत. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं याच माळरानाच्या उत्तर भागात, क्रॅनमिअर पूलपाशी, येणाऱ्यांच्या भेटपत्रांसाठी बाटली ठेवली. तिथून हा खेळ रुजला. बक्षीस काही नाही. डबी होती तशी परत लपवायची. अनोळखी माणसानं अनोळखी माणसावर टाकलेला हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. डोंगरावरून काहीही न उचलता भरल्या मनानं परतता येतं, हे मुलांना असंच शिकवायला हवं.