पंचेचाळीसपैकी किती?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय शाळांचे निकाल लागतात आणि घरोघरी पहिला उद्योग सुरू होतो तो टक्के काढण्याचा. पंचेचाळीसपैकी अडतीस म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के. शेजारच्या मुलीला बारावीला ब्याण्णव, मग आपला कमी पडला का? भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा. 1968 साली जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, म्हणजे आयबीच्या, डिप्लोमात विषयाला मिळणारा एक ते सातमधला अंक ही श्रेणी असते. त्या श्रेणीच्या विद्यार्थ्याला काय यायला हवे, याचे वर्णन आधीच ठरलेले असते आणि काम त्याच्याशी ताडून पाहिले जाते. भौतिकशास्त्रासारख्या विषयात कच्च्या गुणांच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासही सात मिळू शकतात. श्रेणीचे टक्के करणे म्हणजे कपड्याच्या मापाचा भाव विचारण्यासारखे आहे.

या पद्धतीचा खरा कस बेरजेत नाही, अटींत आहे. विद्यार्थी सहा विषय घेतो, साधारणपणे तीन उच्च स्तरावर आणि तीन प्रमाण स्तरावर. उच्च स्तराच्या विषयाला 240 तास शिकवणे अपेक्षित असते, प्रमाण स्तराच्या विषयाला 150. सहा विषयांचे बेचाळीस गुण, त्यांच्या जोडीला ज्ञानमीमांसेचा अभ्यास आणि 4,000 शब्दांपर्यंतचा शोधनिबंध या दोहोंचे मिळून तीन. चोवीस गुणांना डिप्लोमा मिळतो, असे सर्रास सांगितले जाते. आता ही गुणपत्रिका पाहा: उच्च स्तरावर तिन्ही विषयांत सात, प्रमाण स्तरावर तीन, दोन आणि दोन. नुसत्या विषयांचीच बेरीज अठ्ठावीस होते, तरीही डिप्लोमा नाही. कारण प्रमाण स्तराच्या तीन विषयांत मिळून किमान नऊ गुण लागतात आणि इथे सातच आहेत. शोधनिबंधाला ‘ई’ श्रेणी मिळाली किंवा सर्जन, कृती आणि सेवेचा उपक्रम अपुरा राहिला, तरी निकाल तोच. आपल्या दहावीत प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावे लागतेच, पण 2010 पासून टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर निघते आणि नावडता विषय हिशोबातून गळतो. आयबीत तो गळत नाही. भाषा, सामाजिक शास्त्रे, विज्ञान आणि गणित यांचा एकत्र आग्रह हेच या अभ्यासक्रमाचे म्हणणे आहे आणि अटी ते अमलात आणतात.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. श्रेणीच्या सीमारेषा दर परीक्षेला बदलतात, मग ही तुलनात्मक पद्धतच नव्हे का? माझ्या मते नव्हे. रेषा सरकते ती मुख्यतः प्रश्नपत्रिका अवघड किंवा सोपी निघाली म्हणून. अमुक टक्के मुलांनाच सात द्यायचे, असा कोटा नसतो. दुसरा आक्षेप शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचा: शिक्षक गुणांची खिरापत वाटणार नाहीत कशावरून? म्हणूनच नमुन्यादाखल काही काम बाहेरच्या परीक्षकांकडे जाते आणि तफावत आढळली तर शाळेचे गुण बदलतात. ही कसोटी ढळली की काय होते, ते 2020 मध्ये दिसले. कोविडमुळे मे महिन्याच्या परीक्षा रद्द झाल्या आणि श्रेणी ठरवताना विद्यार्थ्याच्या कामाबरोबर शाळेची पूर्वीची कामगिरीही धरली गेली. जगभर ओरड झाली, ऑगस्टमध्ये निकालांत फेरबदल करावे लागले. शाळेच्या इतिहासावरून मुलाचे मोजमाप करणे लोकांना पटले नाही, आणि ते योग्यच होते.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. भारतीय विश्वविद्यालय संघ हा डिप्लोमा बारावीशी समकक्ष मानतो. तरी इथल्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांची वाट सीईटी, जेईई आणि नीटमधूनच जाते. शोधनिबंधाला तिथे वजन नाही. ज्याला तिकडेच जायचे आहे, त्याने हा दुहेरी भार विचारपूर्वकच उचलावा.

म्हणून पालकांना एकच सांगणे: प्रवेश घेताना जाहिरातीतल्या सरासरीवर जाऊ नका. पूर्ण डिप्लोमाला किती मुले बसवली, किती उत्तीर्ण झाली आणि कितींना सुट्या विषयांच्या प्रमाणपत्रांकडे वळवले, हे तीन आकडे शाळेकडून लेखी मागा. कच्ची मुले वगळून काढलेली सरासरी कोणत्याही शाळेला शोभूनच दिसते.