पाहुणचाराचे शिक्षण

‘हॉटेल’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? एस.टी. स्टँडजवळची चहाची टपरी, भज्यांची कढई आणि खांद्यावर फडके टाकलेला पोऱ्या. असल्या कामासाठी कॉलेजात कशाला जायचे, असे तुम्हांला वाटले तर त्यात नवल नाही. आमच्या घरीही तसेच वाटत होते. माझे मामू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. कोकणातील कितीतरी मुसलमान घरांतील माणसे अशीच जहाजांवर कामाला गेली. मामूंनी जहाजाच्या भटारखान्यात पंचवीस वर्षे काढली, पण भाच्याने त्या वाटेने जाऊ नये, असे त्यांना वाटे. ते म्हणत, “ताटे उचलायला पदवी कशाला रे?”

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

घरी चार पाहुणे आले, तर आपण हौसेने बिर्याणी करतो. मीठ थोडे कमी पडले, तरी पाहुणे हसून घेतात. मोठ्या हॉटेलात मात्र रोज शेकडो पाहुणे येतात. ते पैसे मोजतात आणि आपल्याला ओळखतही नाहीत. रोज तीच चव, तीच स्वच्छता आणि तेच हसू द्यायचे असेल, तर नुसती हौस पुरत नाही.

आमच्या संस्थेत पहिल्या दिवशी बटाटे सोलायला दिले. सोलून झाल्यावर सरांनी बटाट्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी सगळ्यांच्या साली गोळा केल्या आणि तराजूत टाकल्या. मग फळ्यावर हिशेब मांडला. शंभर किलो बटाट्यांमागे पाच किलो साल जास्त गेली, तर महिन्याला किती रुपये कचऱ्यात गेले? गणित सुटले म्हणून आनंदाने इकडे आलेली मुले एकमेकांकडे पाहू लागली. पदार्थाला लागणाऱ्या सामानाचा खर्च 60 रुपये असेल आणि तो किमतीच्या 30 टक्के ठेवायचा असेल, तर ताटाची किंमत 200 रुपये ठरते. असे हिशेब आम्ही रोज करत असू.

विज्ञानही सुटत नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवतात. कच्चे मांस लाल फळीवर कापतात, मासळी निळ्या फळीवर, कोशिंबिरीच्या भाज्या हिरव्या फळीवर. एका फळीवरचे जंतू दुसऱ्या अन्नात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे रंग. स्वयंपाक्याच्या पांढऱ्या कोटाला पुढे दुहेरी पदर असतो. त्यामुळे आचेपासून अंगाचे रक्षण होते आणि डाग पडला, तर पदर उलटा लावता येतो.

स्वयंपाकघराशिवाय आणखी तीन विभाग शिकावे लागतात : पाहुण्यांचे स्वागत, जेवण वाढणे आणि खोल्यांची निगा. मला स्वतःला खोल्यांचे काम सर्वांत अवघड वाटले. पलंगावरची चादर सुरकुतीशिवाय ताणून तिचे कोपरे पाकिटासारखे दुमडायला मला आठवडा लागला!

उस्तादाच्या हाताखाली शिकलेले लोक कमी प्रतीचे असतात, असे मात्र समजू नका. लखनौचे इम्तियाज कुरेशी यांनी ही विद्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घेतली. ‘दम पुख्त’ पद्धतीचा स्वयंपाक त्यांनी पंचतारांकित हॉटेलात नेला. 2016 साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. 2024 साली ते वारले. त्यांच्या हाताची चव कोणतेही कॉलेज देऊ शकणार नाही, असे मला वाटते. कॉलेज हिशेब, स्वच्छता आणि शिस्त देते.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईत 1954 साली झाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने निघालेली ती संस्था आज दादरला आहे. लोक तिला ‘दादर केटरिंग कॉलेज’ म्हणतात. अशा सरकारी संस्थांतील पदवीसाठी बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. बारावीपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये स्वयंपाकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो.

आता कठीण गोष्टीही सांगतो. दहा-दहा तास उभे राहावे लागते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. लोकांचा सण तो आपला कामाचा दिवस. माझ्या कितीतरी ईदी मी दुसऱ्यांना शीरखुर्मा वाढण्यात घालवल्या. 2020 साली टाळेबंदीत हॉटेले बंद पडली, तेव्हा अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय मद्य आणि सर्व प्रकारचे मांस यांची माहिती अनेक ठिकाणी अभ्यासाचा भाग असते. घरच्या नियमांत ते बसत नसेल, तर प्रवेश घेण्यापूर्वीच चौकशी करा. विचारण्यात लाज कसली? आमच्या वर्गातील एका जैन मुलाने पहिल्याच दिवशी विचारले होते. पुढे तो स्वागतकक्षात मोठा अधिकारी झाला.

राहिली भाषा. इंग्रजी लागतेच, आणि ती सरावाने येते. पण ‘तशरीफ ठेवा’ म्हणण्यातली जी नजाकत तुम्ही उर्दूतून शिकलात, ती इथे फार उपयोगी पडते. मराठीचेही तसेच आहे. माझी पुतणी तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकली. सध्या ती पुण्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षण घेत आहे. परवा रात्री साताऱ्याकडचे एक वृद्ध जोडपे आले. कार्ड भिंतीवरच्या खाचेत ठेवल्याशिवाय खोलीतला दिवा लागत नाही, हे त्यांना कळेना. ते दोघे अंधारात बसून होते. स्वागतकक्षातल्या इतरांना मराठी जेमतेम येत होते. शेवटी पुतणी वर गेली. तिने आजींच्या हातात कार्ड दिले आणि त्यांच्याकडूनच ते खाचेत ठेवून घेतले. दिवा लागला. आजींनी तिला जवळ बसवले आणि विचारले, “कुठल्या गावची गं तू?”

“दापोलीची,” ती म्हणाली.