फोटो कोणी काढला?

आमच्या घरी जुन्या छायाचित्रांचा एक जाड अल्बम आहे. काळी पाने, त्यांच्यामध्ये पातळ पांढरा कागद आणि प्रत्येक चित्राच्या चार कोपऱ्यांना चिकटवलेले चार त्रिकोण. मुंजी, गणपती, सयाजीबागेतील सहली, नव्या सायकलीसह उभा असलेला काका. आमचे सारे गणगोत त्यात नांदते आहे. त्यात नाहीत ते फक्त आमचे वडील, नाना. कारण अगदी साधे आहे. घरात कॅमेरा एकच होता आणि तो नेहमी नानांच्या हाती असे. ज्याच्या हाती कॅमेरा, तो चित्राबाहेर, असा या कलेचा जुनाच न्याय आहे.

तो कॅमेरा म्हणजे ‘आग्फा क्लिक-३’. नाव परदेशी असले तरी जन्म आमच्या बडोद्यातला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यातला. बडोद्याला ही कला परकी नव्हतीच. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे येथील कलाभवनात घेतले होते. नानांसारख्या कारकुनी करणाऱ्या गृहस्थालाही हा कॅमेरा झेपत असे. त्यात १२० क्रमांकाचा रोल घालावयाचा आणि बारा चौकोनी चित्रे घ्यावयाची. अंतर जुळवणे नाही, वेग बदलणे नाही. ऊन असेल तर उन्हाच्या चिन्हावर आणि आभाळ असेल तर ढगाच्या चिन्हावर कळ आणली की झाले. पथ्य एकच : सूर्य पाठीशी हवा.

नाना २००९ साली गेले. त्यानंतर कॅमेरा कपाटात राहिला, पण आईने तो दर दसऱ्याला पुसून पूजेत ठेवला. गेल्या जानेवारीत तिला ब्याऐंशीवे लागले, तेव्हा तिने एकच इच्छा सांगितली. १९७७ साली नानांनी आम्हांला दांडीच्या समुद्रावर नेले होते. “तिथे एकदा ने मला. आणि तो कॅमेरा घे बरोबर.”

रोल अजूनही मिळतो. मुंबईहून टपालाने मागवला आणि आम्ही चौघे, आई, पत्नी, कन्या आणि मी, पहाटेच्या गाडीने नवसारीला निघालो. इतकी घाई करण्यास कारण होते. आपला हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. सायंकाळी समुद्राकडे पाहावे तर सूर्य डोळ्यांत येतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. समुद्र मागे आणि ऊन चेहऱ्यावर हवे असेल, तर सकाळच गाठावी लागते.

दांडीला पोहोचल्यावर सुरूच्या झाडांच्या सावलीत रोल भरला. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लहानशी लाल खिडकी असते; तीतून रोलच्या कागदावरील आकडे दिसतात. पूर्वीच्या फिल्मला लाल प्रकाश बाधत नसे, म्हणून ही योजना. आजच्या फिल्मला तोही बाधतो. म्हणून खिडकीवर काळी पट्टी लावली आणि आकडा पाहण्यापुरती ती सावलीत उचलावी असे ठरले. कन्या हे सारे कौतुकाने पाहत होती. तेवढ्या वेळात तिने फोनवर चाळीसएक चित्रे घेतली होती. फोनला मी नावे ठेवीत नाही. दूरच्या नातवंडांचे चेहरे आईला रोज दिसतात ते त्याच्याच कृपेने. मात्र बाराच चित्रे पदरी असली की माणूस आधी पाहतो आणि मग खटका दाबतो, एवढे खरे.

दांडीला २०१९ पासून मिठाच्या सत्याग्रहाचे स्मारक उभे आहे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या पदयात्रींचे पुतळे तेथे रांगेने चालत आहेत. त्या यात्रेत आश्रमाचे संगीताचार्य नारायण मोरेश्वर खरे होते, हे कन्येला सांगताना मराठी मास्तराचा ऊर थोडा भरून आला. तिने विचारले, “बाबा, पुस्तकात त्या यात्रेचे फोटो असतात, ते कोणी काढले?” प्रश्न मोठा मार्मिक होता. इतकी वर्षे वर्गात ती चित्रे दाखवली. पाठ्यपुस्तकांतून त्यांच्याखाली स्थळ असते, तारीख असते, छायाचित्रकाराचे नाव क्वचितच असते. तोही त्या उन्हात धूळ खात चालला असेलच ना?

ओहोटी लागली होती. ओलसर वाळूवर आईला खुर्ची दिली, पण ती बसेना. समुद्राकडे पाठ करून, पदर सावरून ती उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सूर्य माझ्या पाठीशी, त्यामुळे माझी लांब सावली थेट तिच्या पावलांपर्यंत गेली होती. ती चित्रात येऊ नये म्हणून मी बाजूला सरकू लागलो, तोच आई म्हणाली, “हलू नकोस रे. सावली येऊ दे. त्यांचीही आली होती.”

तिने पिशवीतून १९७७ चे चित्र काढले. समुद्र, तरुणपणीची आई, सात वर्षांचा मी, फ्रॉकमधली धाकटी बहीण. आणि अगदी खालच्या कडेशी, वाळूवर, दोन्ही कोपर बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसाची सावली. “सगळे म्हणतात, यात तिघे आहेत,” आई म्हणाली, “मी पहिल्यापासून चौघे मोजत आले.”

मी जागेवरच उभा राहिलो. या कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडतो, म्हणून श्वास रोखावा लागतो. त्या दिवशी तो आपोआपच रोखला गेला.

रोल धुऊन यायला तीन आठवडे लागले. बारांपैकी दहा चित्रे चांगली आली. आईच्या चित्रात माझी सावली आहे. कोपर तसेच, नानांसारखे.

जुन्या चित्राच्या पाठीवर केवळ ‘दांडी, १९७७’ एवढेच होते. आईने सांगितले आणि कन्येने लिहिले. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली, मराठी अक्षर सावकाश काढते, पण काढते. कोण कोण, कुठे, कोणत्या साली, आणि शेवटी एक ओळ : ‘फोटो काढणारे : नाना.’ नव्या चित्रामागेही तसेच लिहिले. मग आईने अख्खा अल्बम मांडीवर घेतला. चार रविवार ते काम चालले. काकाची ती सायकल नानांनीच हप्त्याने घेऊन दिली होती, हे मला त्यातच समजले.

आपण मंडळी दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेर आलो. कुणाची आजी कोठून आली, हे सांगणारे कागद आपल्याकडे थोडे. जे काही आहे ते अशा अल्बमांत आहे आणि त्यातले चेहरे ओळखणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. तेव्हा एखाद्या रविवारी आपल्या घरचा अल्बम खाली काढावा. प्रत्येक चित्रामागे नावे लिहावीत, मराठीत लिहावीत, मुलांच्या हातून लिहवून घ्यावीत. आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : हा फोटो कोणी काढला? उत्तर देणारे माणूस घरात आहे, तोवरच तो विचारता येतो.