चिमुकल्या मोटारीची निवड

खेळणे विकत घेणे हे काम दिसते तितके किरकोळ नाही. भाजी घेताना आपण देठ पाहतो, कापड घेताना पोत पाहतो. परंतु खेळण्याच्या दुकानात मात्र पुष्कळदा रंग आणि किंमत एवढेच पाहून मोकळे होतो. वाचकहो, आमच्या घरी मध्यंतरी दोन महिने एका चिमुकल्या मोटारीच्या निवडीचा विचार चालला होता. तो आपणांपुढे मांडावासा वाटतो. कारण त्याचा आरंभ मोटारीपासून झाला असला, तरी तो अखेर घरातील माणसांपर्यंत येऊन पोहोचला.

आमचे बिऱ्हाड दिल्लीतील एका सरकारी वसाहतीत आहे. भाषांतर आणि संपादन हा माझा व्यवसाय. कन्या दहा वर्षांची. तिला मराठी समजते, पण उत्तर हिंदीतून येते. माझे वडील, म्हणजे आबा, एस.टी.त तीस वर्षे चालक होते आणि त्यांतील बराच काळ कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाटातून त्यांनी बस चालविली. गतवर्षी आई गेली, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. त्यांचे हिंदी चार वाक्यांपुढे जात नाही. आजोबा आणि नात एकाच खोलीत बसत. पण एकाचे डोळे खिडकीबाहेर, तर दुसरीचे मोबाइलवर. या परिस्थितीत कन्येने दिवाळीच्या ओवाळणीचे साठविलेले पैसे पुढे ठेवले आणि रेडिओवर चालणारी मोटार हवी असे जाहीर केले.

सौभाग्यवतीने दोन अटी घातल्या. मोटार चार दिवसांत मोडून कपाटावर जाऊन बसता कामा नये, ही पहिली. आणि खाली फिरणाऱ्या कोणाच्याही पायाला ती लागता कामा नये, ही दुसरी. आबांनी अट घातली नाही, फक्त एक प्रश्न विचारला: “गाडी पुढनं ओढती, का मागनं ढकलती?” वाचकहो, पुढील साऱ्या निवडीचा गाभा या तीन वाक्यांत होता.

प्रथम या वस्तूचा थोडा पूर्वेतिहास सांगतो. दूर उभे राहून बिनतारी लहरींनी एखादे यंत्र चालवावे ही कल्पना नवी नव्हे. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी नौका अशा रीतीने चालवून दाखविली होती. खेळण्यातली मोटार या रूपात ही युक्ती बाजारात यावयास १९६६ साल उजाडले. त्या वर्षी इटलीत फेरारी गाडीची विजेवर धावणारी प्रतिकृती विक्रीस आली. १९७६ मध्ये जपानच्या शिझुओका शहरातील तामिया या संस्थेने पोर्शे ९३४ ची १/१२ प्रमाणातील मोटार काढली आणि हा छंद जगभर पसरला. ती पहिली तामिया मोटार मागच्या चाकांवर चालणारीच होती.

आता आबांच्या प्रश्नाकडे वळू. मोटारीला गती देणारी चाके पुढची असतील, मागची असतील, किंवा चारही असतील. चारही चाकांना गती असली की मोटार स्थिर धावते, पण दांडे आणि दंतचक्रे वाढतात. पुढच्या चाकांना गती असली की तीच चाके ओढतात आणि तीच वळतात. अशी मोटार नवशिक्याला बरीच सांभाळून घेते. मागच्या चाकांना गती असली की कामाची वाटणी होते: पुढची चाके दिशा दाखवितात, मागची ढकलतात. रचना सोपी होते, मोडण्यासारखे भाग कमी होतात. मात्र चालविणाऱ्याचे कसब लागते. वळणावर जोर अधिक झाला तर मागची चाके घसरून शेपूट बाहेर जाते. जोर एकाएकी सोडला तरी तेच होते, कारण विद्युतयंत्राचा रोध केवळ मागच्या चाकांनाच लागतो आणि भार पुढे झुकतो.

हे ज्ञान आपल्या देशाला परके नाही. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. तिची गती मागच्या चाकांना. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी तशीच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी असंख्य घरांना प्रथम ठाऊक झाली. एस.टी.ची बस तर मागूनच ढकलली जाते. पावसाळ्यात घाटात, चिखल वाहून आलेल्या वळणावर, पाय किती हलका ठेवावयाचा हे आबांच्या अंगात मुरलेले होते. म्हणून मी मागच्या चाकांची मोटार ठरविली. घरात शिकविणारे माणूस असताना शिकण्यासारखी वस्तू न घेणे हा अपव्ययच नव्हे काय?

यानंतर आकाराचा प्रश्न आला, आणि तो दुकानात सुटत नाही, तो दारासमोर सुटतो. अगदी लहान, तळहातावर मावणाऱ्या मोटारी दिसावयास मोहक असतात. क्योशोची मिनी-झेड ही १९९९ पासून प्रसिद्ध असलेली मालिका त्यांपैकीच. पण त्यांचा तळ जमिनीपासून काही मिलिमीटरच उंच असतो. गुळगुळीत फरशीवर अथवा सतरंजीवर त्या उत्तम. आपल्या पदपथावरील दोन पेव्हर ब्लॉकांमधली फट मात्र त्यांना खंदकासारखी. याउलट थोराड मोटारींना मैदान हवे. यांच्या मधला एक वर्ग आहे: लहान प्रवासी गाड्यांच्या १/१० प्रमाणातील प्रतिकृती. तामियाच्या या वर्गात पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २१०, २२५ किंवा २३९ मिलिमीटर असते. डांबरी रस्ता, सिमेंटची फरसबंदी, वसाहतीचा आतला रस्ता यांवर हा आकार सुखाने चालतो, आणि लांबूनही दिसतो.

सौभाग्यवतीची दुसरी अट येथेच पुढे आली. मी कागदावर हिशेब केला. सव्वा किलो वजनाची मोटार ताशी २५ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगी सुमारे ३० जूल ऊर्जा असते. क्रिकेटचा चेंडू ताशी ७० किलोमीटरने फेकला असता त्याची ऊर्जाही जवळजवळ तेवढीच. घोट्यावर असा चेंडू बसला तर काय होईल, हे सांगावयास नको. परंतु वेग निम्मा केला की ही ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून जाहिरातीतील वेगाचा आकडा हा गुण न समजता मर्यादा समजावा. हाती धरावयाच्या नियंत्रकावर वेगाची कमाल सीमा बांधता येते की नाही हे अवश्य पाहावे, आणि आरंभी ती सीमा चालत्या माणसाच्या गतीजवळ ठेवावी. पदपथ चालणाऱ्यांचा आहे. आपण तेथे पाहुणे असतो.

पहिली अट टिकाऊपणाची. स्वस्त खेळण्यांत पुष्कळदा चाक एक तर पूर्ण वळते किंवा मुळीच वळत नाही, गतीचेही तेच. मागच्या चाकांच्या मोटारीला असा अतिरेक सोसत नाही. आपण बोटभर फिरवावे आणि चाकाने तेवढेच वळावे, चाप थोडा दाबावा आणि थोडीच गती मिळावी, असे प्रमाणशीर नियंत्रण असलेली मोटारच घ्यावी. दुसरे, तिचा प्रत्येक भाग पेचकसाने सुटा करता यावा आणि सुटा विकत मिळावा. २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालणारा नियंत्रक असला की शेजारच्या मोटारीशी गोंधळ होत नाही. या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे २००५ पासून परवान्याची आवश्यकता नाही. चौदा वर्षांखालील मुलांसाठी म्हणून विकले जाणारे खेळणे असेल, तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक झाले आहे.

किमतीचे काय? परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ओवाळणीच्या पैशांत नवी मोटार बसत नव्हती. म्हणून आम्ही एका शौकिनाकडून वापरलेली घेतली: तामियाची एम-०६ जातीची, विद्युतयंत्र मागच्या आसाच्याही मागे असलेली. भार मागे असल्याने ढकलणाऱ्या चाकांची पकड चांगली राहते; नाक मात्र हलके, म्हणून वळण्यापूर्वीच वेग कमी करावा लागतो.

वापरलेली मोटार पारखण्याची एक रीत आबांनी दाखविली, ती आपल्याही उपयोगी पडेल. मोटार उचलून मागचे एक चाक हातांनी फिरवावे. यंत्र स्थिर असताना दुसरे चाक उलट दिशेने, न अडखळता फिरले पाहिजे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची पेटी ठीक असल्याची ती खूण. बस जॅकवर चढविली की आबा हेच करून पाहत. येथे फक्त चाक दोन बोटांत मावत होते.

विद्युतघटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. निकेल-मेटल हायड्राइडचे सहा घट जोडलेला ७.२ व्होल्टचा संच जड असतो, पण घरगुती वापरास सोशिक. लिथियम-पॉलिमरचा संच हलका आणि जोरदार. मात्र त्याचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टांच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टांच्या खाली उतरू देऊ नये, फुगला तर वापरू नये. आम्ही पहिला पत्करला. कोणताही संच भरीत असताना तो गादीवर ठेवू नये आणि घर सोडून जाऊ नये.

वरचे कवच नवे घेतले. ते पारदर्शक असते आणि रंग आतून द्यावयाचा असतो, म्हणजे बाहेरून ओरखडे आले तरी रंग टिकतो. आतून रंगवायचे म्हणून क्रम उलटा: आधी बारीक रेषा आणि पट्टे, मग मोठा रंग. कन्येने रंग निवडला तो एस.टी.चा लाल. कोणी सुचविले नव्हते.

चालविण्यातील खरी अडचण निराळीच निघाली. मोटार आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा डावे ते डावेच असते; ती आपल्याकडे वळली की डाव्याचे उजवे होते आणि हात गोंधळतात. पहिल्या रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, कन्या याच ठिकाणी पुनःपुन्हा अडत होती. मी तिला दिशा समजावीत होतो, आणि ती अधिकच गोंधळत होती. आबा बाकावरून उठले. म्हणाले, “पोरी, तू हितं उभी न्हाईस. तू गाडीत बसलीयास. आतनं बघ.” तिने क्षणभर डोळे मिटले, उघडले, आणि मोटार वळवून आणली. मग त्यांनी खडूने रस्त्यावर घाटाची नागमोडी वळणे काढली. “वळणाच्या आधी सोड. वळणात धक्का देऊ नको. नाक सरळ झालं की मग पाय टाक.” त्यांतील एकही शब्द मी भाषांतरित करून दिला नाही. तशी गरजही पडली नाही.

एका खेळण्याने घरातील सर्व रितेपण भरून निघते असे मी म्हणणार नाही. आईची आठवण आबांना येते, आणि संध्याकाळी ते पूर्वीसारखेच खिडकीपाशी बसतात. पण “आज घाट मारायचा का?” हा प्रश्न आता कन्या त्यांना मराठीतून विचारते. “शेपूट”, “कड”, “चढ”, “उतार” हे शब्द तिला मिळाले ते पुस्तकातून नव्हेत. आजोबांना जे येते ते आपल्याला शिकावयाचे आहे, हे तिला कळले. आणि आपल्याला जे येते ते अजून कोणाला तरी हवे आहे, हे त्यांना कळले.

वाचकहो, आपणांस अशी मोटार घ्यावयाची असेल, तर वेगाचा आकडा सर्वांत शेवटी पाहा. आधी दारासमोरचा रस्ता पाहा, त्यावर चालणारी माणसे पाहा, त्यांना शोभेल असा आकार आणि गती ठरवा. मग पेचकस हातात घेऊन ती उघडता येईल का ते पाहा. आणि घरात एके काळी गाडी, ट्रक किंवा रिक्षा चालविलेले कोणी वडीलधारे असेल, तर खरेदीला त्यांनाही बरोबर घेऊन जा.